बॉम्बचे पुस्तक आणि खराटा : सेनापती बापटांच्या चरित्राचे एक वाचन

गेल्या वैशाखातील गोष्ट. शेणव्यापासून थोड्या अंतरावरील एका पाड्यावर मी प्रार्थनेसाठी गेलो होतो. विहिरीच्या कट्ट्यावर हंडे रांगेत मांडून ठेवलेले होते आणि टँकरची वाट पाहिली जात होती. खडीच्या खाणीत कामाला जाणारा एक तरुण माझ्या शेजारी येऊन बसला. जिलेटीनच्या कांड्या हाताळणे हा त्याचा रोजचा उद्योग. दूरवर दिसणाऱ्या डोंगराकडे पाहत तो म्हणाला, "फादर, आमच्या तालुक्याचं पाणी आमच्या दारावरून मुंबईला जातं. त्या पायपाखाली एक सुरुंग लावला तर?" मी काही बोलण्याआधीच त्याने पुढचा प्रश्न टाकला, "सिद्धगडावर भाई कोतवालांना आपण हार घालतो. त्यांनी विजेचे मनोरे पाडले ते हुतात्मा, आणि मी पाइप फोडला तर मी गुन्हेगार. असं कसं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. हिंसा हे पाप आहे, एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. पण त्याने मला पापपुण्य विचारलेच नव्हते. त्याचा प्रश्न वाचनाचा होता. दोन माणसांच्या एकसारख्या दिसणाऱ्या कृती आपण वेगवेगळ्या रीतीने का वाचतो, असे तो विचारीत होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

स्फोटकांचा आश्रय घेणाऱ्या माणसांची चरित्रे आपल्याकडे दोन प्रकारांनी लिहिली जातात. एक पोवाड्याचा प्रकार आणि दुसरा पंचनाम्याचा. पोवाड्यात नायक असतो, शत्रू असतो आणि बलिदान असते; स्फोटात सापडलेल्या तिऱ्हाइताला तेथे जागा नसते. पंचनाम्यात तारखा, कलमे आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी असते. माणूस मात्र नसतो. चरित्र वाचून आपल्याला जे हवे असते, म्हणजे एक बुद्धिमान, संवेदनशील जीव या टोकापर्यंत कसा येतो याचे आकलन, ते या दोन्ही प्रकारांतून हाती लागत नाही. मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नासाठी पांडुरंग महादेव बापट यांच्याइतके योग्य चरित्र दुसरे नसावे. मुंबईकर रोज 'सेनापती बापट मार्ग' म्हणतो, पुणेकर 'सेनापती बापट रस्ता' म्हणतो. त्या नावामागे बॉम्बची विद्या शिकून आलेला एक तरुण उभा आहे, याची आठवण फार थोड्यांना असते.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. ब्रिटिश राज्याविरुद्ध तेथे जाहीरपणे बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसशी संबंध आला, श्यामजी कृष्ण वर्मा आणि सावरकर यांचा सहवास घडला आणि बापट पॅरिसला गेले. तेथे बंगालच्या हेमचंद्र दासांबरोबर त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून स्फोटकांची विद्या मिळविली. त्या विद्येचे लिखित पुस्तक १९०८ साली हिंदुस्थानात पोहोचले.

येथपर्यंतची कथा पोवाड्याला सोयीची आहे. पुढची तशी नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची समजून एका गाडीवर बॉम्ब टाकला. गाडीत किंग्जफर्ड नव्हते. केनेडी नावाच्या कुटुंबातील आई आणि मुलगी, अशा दोघी होत्या. दोघींचाही मृत्यू झाला. तो बॉम्ब बापटांनी केला नव्हता, टाकलाही नव्हता. पण पॅरिसला त्यांच्याबरोबर शिकलेल्या हेमचंद्रांच्या हातची ती विद्या होती. त्यानंतर अलीपूर येथे खटला उभा राहिला. माफीचा साक्षीदार झालेल्या नरेन गोस्वामीने बापटांचे नाव घेतले. पुढे त्याच वर्षी त्या साक्षीदाराचा तुरुंगातच गोळ्या घालून वध झाला. बापट भूमिगत झाले. सुमारे चार वर्षे ते नाव बदलून देशभर हिंडले, १९१२ साली इंदुरात पकडले गेले आणि पुराव्याअभावी सुटले.

मुझफ्फरपूरच्या घटनेवर मराठीत जे लिहिले गेले, त्यातील सर्वांत महत्त्वाचे लेखन टिळकांचे. 'केसरी'च्या १२ मे १९०८ च्या अंकातील 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनच्या अंकातील 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे ते दोन अग्रलेख. याच लेखनासाठी २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडाले दिसले. हे लेख आपण राजद्रोहाच्या खटल्याचे कागद म्हणून ओळखतो, पण समीक्षेच्या दृष्टीने ते बॉम्बफेक्याच्या मनाचे मराठीतील पहिले गंभीर विवेचन आहे. टिळक बॉम्बची भलामण करीत नाहीत. दडपशाहीने सर्व वाटा बंद केल्या की काही माणसे या वाटेला जातात, असे कारण ते दाखवितात. आणखी एक मार्मिक गोष्ट ते सांगतात. बॉम्ब ही वस्तू म्हणण्यापेक्षा ती एक विद्या आहे, एखाद्या मंत्रासारखी. म्हणून तोफा आणि बंदुका जशा कायद्याने काढून घेता येतात तसा बॉम्ब काढून घेता येत नाही.

या लेखांची ताकद कारणमीमांसेत आहे आणि मर्यादाही तेथेच आहे. दोन निरपराध स्त्रियांच्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त होतो, पण लेखणी त्या गाडीपाशी थांबत नाही. ती लगेच सरकारच्या धोरणाकडे वळते. संपादक म्हणून तेव्हा टिळकांना ते आवश्यक वाटले असेल. त्यांच्यानंतरच्या शतकभराच्या लेखनाला मात्र ती सबब नाही. बॉम्ब ही विद्या आहे हे मान्य केले की त्यातून दुसरी गोष्ट आपोआप निघते. विद्या शिकविणाऱ्याचा हेतू विद्येबरोबर प्रवास करीत नाही. पॅरिसमधल्या विद्यार्थ्याच्या मनातील विवेक त्या हस्तलिखिताच्या पानांवर उतरत नाही. तेथे फक्त मिश्रणाचे प्रमाण उतरते. बापटांचे चरित्र लिहिणाऱ्याने या ठिकाणी थांबायला हवे. बहुतेक जण थांबत नाहीत. ते नायकाला घाईने भूमिगत करून टाकतात.

बापट स्वतः मात्र थांबले असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. अज्ञातवासात हिंडताना त्यांना असे आढळले की आपण परक्या सत्तेखाली आहोत याचीच बहुसंख्य जनतेला जाणीव नाही. मग ज्यांच्यासाठी बॉम्ब, ते कोठे आहेत? सुटकेनंतर पारनेरला परतलेल्या या उच्चशिक्षित ब्राह्मणाने हाती खराटा घेतला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडणे, घाण काढणे, अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकविणे हा त्यांचा नेम झाला. चरित्रकार याला 'समाजसेवेचे पर्व' असे नाव देतात आणि क्रांतीच्या पर्वापासून वेगळे काढून दोन स्वतंत्र प्रकरणे करतात. माझ्या मते ही चूक आहे. खराटा हे त्या पुस्तकाला दिलेले उत्तर आहे. बॉम्ब हे दुरून वापरायचे साधन. तो टाकणाऱ्याला समोरच्याचा चेहरा पाहावा लागत नाही, किंबहुना पाहिला तर हात थबकण्याचा संभव असतो. खराटा दुरून वापरता येत नाही. ज्याच्या दारातली घाण काढायची त्याच्या दारात जाऊन वाकावे लागते.

तरीही बापट संत फ्रान्सिस झाले, असे म्हणून मला हा पोवाडा दुसऱ्या चालीवर गावयाचा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनी नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधीत होती आणि मावळ्यांची भातशेते पाण्याखाली जाणार होती. या लढ्यात बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे सहकारी लाभले. अहिंसक लढा थकला तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी निवडक साथीदारांसह रुळांवर दगड रचून, हाती शस्त्र घेऊन, धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली. नंतर ते पळाले नाहीत. स्वतःहून स्वाधीन झाले आणि १९३१ पर्यंत कारावास भोगला. आपण जे करतो ते उघडपणे करावे आणि त्याचे प्रायश्चित्त आपल्याच देहाने घ्यावे, ही त्यांची धारणा होती. गांधींच्या कसोटीला हे उतरत नाही. ख्रिस्ताच्या कसोटीलाही उतरत नाही. गेथशेमनीच्या बागेत पेत्राची तलवार म्यानात परत गेली होती. परंतु १९०८ चा अज्ञातवासी आणि १९२४ चा हा कैदी यांच्यात जे अंतर आहे ते मोजल्यावाचून बापट समजत नाहीत. पहिला आपले नाव लपवितो. दुसरा नाव सांगून उभा राहतो.

हे अंतर स्पष्ट व्हावे म्हणून एका परदेशी चरित्राकडे वळतो. १९४२ साली शिकागोत जन्मलेला थिओडोर कझिन्स्की हा गणितातील विलक्षण बुद्धीचा मुलगा. सोळाव्या वर्षी हार्वर्ड, पुढे डॉक्टरेट, बर्कलीला प्राध्यापकी. १९६९ साली त्याने ती सोडली आणि १९७१ पासून मोन्टाना राज्यातील लिंकन गावाजवळ रानातल्या एका खोपटात राहू लागला. वीज नाही, नळ नाही. १९७८ ते १९९५ या सतरा वर्षांत त्याने १६ बॉम्ब ठेवले किंवा टपालाने पाठविले. त्यांत तिघे मृत्यू पावले आणि २३ जण जखमी झाले. यंत्रयुगाने माणसाचे स्वातंत्र्य हिरावले, असे प्रतिपादन करणारा त्याचा सुमारे ३५ हजार शब्दांचा प्रबंध १९ सप्टेंबर १९९५ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापला. न छापल्यास आणखी माणसे मरतील, अशी धमकी त्यामागे होती.

त्या प्रबंधातील सर्वच विचार टाकाऊ आहेत असे मला म्हणवत नाही. यंत्रे माणसाच्या सोयीसाठी येतात आणि पुढे माणसालाच यंत्रांच्या सोयीने जगावे लागते, ही तक्रार मुळशीच्या शेतकऱ्यालाही कळली असती. पण वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून मला त्यातील एक शब्द खटकतो, तो म्हणजे 'आम्ही'. एकटा माणूस आरंभापासून शेवटपर्यंत 'आम्ही' म्हणून लिहितो आणि एका संघटनेची आद्याक्षरे खाली घालतो. अशी संघटना नव्हतीच. त्या 'आम्ही'मागे ना गाव, ना शेत, ना विहिरीवरची रांग. त्याच्या खाजगी टिपणांतून तर असे उघड झाले की तेथे त्याने परोपकाराचा आव सोडून देऊन वैयक्तिक सूड हाच आपला हेतू मानला होता. जगासाठी लिहिलेल्या प्रबंधात तत्त्वज्ञान आणि वहीत सूड, अशी ही फाळणी. हेतूंचा विचार करताना माणसाचा जाहीरनामा हा पुरावा म्हणून अपुरा असतो, हा धडा यातून घ्यायचा.

त्याला पकडून दिले तेही वाचनानेच. प्रबंध छापून आल्यावर त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड आणि त्याची पत्नी यांनी तो वाचला. वाक्यांची ठेवण, काही खास शब्दप्रयोग ओळखीचे वाटले. घरातली जुनी पत्रे काढून ताडून पाहिली. भावाला सरकारच्या हवाली करायचे म्हणजे कदाचित फाशीच्या स्वाधीन करायचे. न करावे तर आणखी कोणाच्या तरी हातात पुडके फुटायचे. डेव्हिडने कळविले. ३ एप्रिल १९९६ रोजी अटक झाली, पुढे जन्मठेप. १० जून २०२३ रोजी कैदेतच तो वारला. डेव्हिडने बक्षिसाच्या रकमेतील मोठा भाग बळींच्या कुटुंबांसाठी दिला आणि नंतर देहदंडाविरुद्ध काम केले. आपण भावाचे राखणदार आहोत काय, हा काईनाचा प्रश्न. डेव्हिडने त्याला 'होय' असे उत्तर दिले, आणि ते दोन्ही बाजूंच्या भावांसाठी दिले. एका लेखनशैलीचे काळजीपूर्वक वाचन केल्यामुळे माणसांचे जीव वाचले, ही घटना वाङ्मयाची आवड असणाऱ्यांनी विसरू नये.

आपल्या धर्मग्रंथातही असा एक संहारक आहे. शमशोनाने खांब ढकलून मंदिर पाडले. नुसत्या धाब्यावर तीन हजारांच्या आसपास स्त्री-पुरुष होते. त्याची अखेरची प्रार्थना मुक्तीची नाही. आपल्या दोन डोळ्यांचा सूड घेता यावा एवढीच आहे. शास्ते या पुस्तकाचा कर्ता हा हेतू झाकीत नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात त्याच शमशोनाची गणना श्रद्धावंतांत होते, हेही खरे. पवित्र शास्त्र माणसाला त्याच्या विश्वासासाठी थोर म्हणते आणि त्याच माणसाच्या प्रार्थनेतील विष जसेच्या तसे नोंदविते. चरित्रलेखनाचा याहून प्रामाणिक नमुना मला ठाऊक नाही. मराठी चरित्रकारांनी बापटांसाठी हेच केले तर त्यांची थोरवी कमी होणार नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही या प्रश्नात काहींना वाटते तितकी सरळसोट नाही. १९६७ साली, म्हणजे बापटांचे निधन झाले त्याच वर्षी, पोप सहावे पॉल यांनी 'पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ' हे परिपत्रक काढले. बंडाने नवे अन्याय जन्मतात, असे त्यात बजावलेले आहे. उघड आणि प्रदीर्घ जुलूम, ज्यात माणसाचे मूलभूत हक्क पायदळी तुडविले जातात, त्याचा अपवादही तेथेच नमूद आहे. मात्र हा अपवाद वाचताना सेमिनरीत शिकलेला दुसरा नियम विसरून चालत नाही : निरपराधाचा जाणूनबुजून घात करून कोणतेही साध्य साधता येत नाही. पहिल्या वाक्याने जुलमी सत्तेची झोप उडावी, दुसऱ्याने क्रांतिकारकाची.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मले, वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. १९४२ पूर्वीच त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, शाळा काढल्या होत्या. 'आझाद दस्ता' त्यानंतरचा. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून कारखाने थांबवावेत, एवढा त्यांचा बेत होता. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्यांचा रोख माणसावर नव्हता, पोलादावर होता. त्यांचे 'आम्ही' खरे होते; धान्यकोठीतून जमलेले होते. आणि समोर परकी सत्ता होती, जिला मतदानाने हटविण्याचा मार्ग नव्हता. कोणाचा चेहरा पाहिला, कोणाच्या वतीने बोललो, किंमत कोणी मोजली आणि दुसरी वाट खरोखर संपली होती काय, या चार प्रश्नांवर मी कोतवाल, बापट आणि कझिन्स्की यांना वेगवेगळे वाचतो. पहिल्या तिन्ही प्रश्नांना कझिन्स्की उतरत नाही. कोतवाल बऱ्याच अंशी उतरतात. बापट १९०८ साली उतरत नाहीत आणि पुढे आयुष्यभर उतरण्याचा प्रयत्न करतात.

काही दिवसांपूर्वी हे सारे मी त्या तरुणाला, माझ्या परीने सोप्या शब्दांत, सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "पाइप फुटला तर आधी आमच्याच खालच्या पाड्यात पाणी घुसेल, ते मला ठाऊक आहे, फादर. पण तुमचा चौथा प्रश्न अवघड आहे. दुसरी वाट आहे म्हणता, ती मला दाखवा." मुळशीचे धरण अखेर झालेच, हे मी त्याच्यापासून लपविले नव्हते. तानसाचे धरण १८९२ सालचे; त्यानंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा असे एकेक होत गेले, आणि या तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात अजून टँकरची वाट पाहतात. ज्याच्या घरात बोअरवेलचे पाणी येते अशा मी त्याला संयमाचा उपदेश करावा, यातील विसंगती त्याने बोलून दाखविली नाही. मलाच ती जाणवली.

बॉम्ब नको म्हणणाऱ्याने खराटा उचलायचा असतो. पाड्यावरच्या पंचेचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे घेऊन आम्ही एक अर्ज तयार केला आहे. मसुदा त्याचा, शुद्धलेखन माझे. 'आम्ही' हा शब्द त्यात नऊ वेळा आला आहे, आणि प्रत्येक वेळी त्यामागे कोण आहे हे खालच्या यादीत पाहता येते. येत्या सोमवारी तो शहापूरच्या तहसील कचेरीत द्यावयाचा आहे. त्याने मला बरोबर येण्यास सांगितले आहे आणि मी जाणार आहे.